दिवे लख्ख, पण गाडी मुकी

आमच्या या सदराकडे मोटारीविषयींचीं पत्रें हल्लीं बरींच येऊं लागलीं आहेत. गेल्या खेपेस एका वाचकभगिनीनें विचारलें होतें कीं, "चावी फिरविली म्हणजे नुसता खट् असा आवाज येतो, गाडी चालू होत नाहीं, मिस्त्री म्हणतो, सेल्फ बदला. बदलावा काय?" या प्रश्नाचें उत्तर आम्हीं एरवीं चार ओळींत दिलें असतें. परंतु हाच प्रश्न गेल्या भाद्रपदांत आमच्याच दारांत येऊन उभा राहिला, आणि त्याचें उत्तर शोधतांना आम्ही चांगलेच फसलों. तेव्हां ती हकीकत सांगितल्यावांचून दुसऱ्यास सल्ला देणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आमचें बिऱ्हाड मानपाड्यास आहे. मानपाडे दोन, एक ठाण्यास घोडबंदर रस्त्यावर, आणि दुसरा डोंबिवलीच्या पूर्वेस कल्याण-शीळ रस्त्यावर. आमचा तो दुसरा. (नवखा पाहुणा पत्ता अर्धवट सांगून पहिल्या मानपाड्यास जातो व जेवणाची वेळ टळल्यावर आमच्याकडे पोंचतो, हें आतां आमच्या अंगवळणीं पडलें आहे.) घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. त्यांत आमच्या आत्याबाई, वय ७२. त्यांस आठवड्यांतून तीन वेळां डायलिसिससाठीं न्यावें लागतें, आणि वेळ सकाळीं सहाची. मूत्रपिंडें काम करीनाशीं झालीं म्हणजे अंगांतील जादा पाणी व क्षार यंत्राकरवीं काढून घ्यावे लागतात. एक खेप चुकली तर सूज व धाप, आणि पोटॅशियम वाढल्यास हृदयासही धोका. म्हणून गाडी ही आमच्या घरीं चैनीची वस्तु नव्हे. पहांटे रिक्षा मिळत नाहीं असें नाहीं; परंतु चार तासांच्या उपचारानंतर गळून गेलेल्या वृद्ध बाईस तींत बसवून खड्ड्यांतून घरीं आणणें आमच्याच्यानें पाहवत नाहीं.

एका शुक्रवारीं पहांटे दादांनीं चावी फिरविली. खट् असा आवाज झाला, त्यामागून बारीकशी थरथर ऐकूं आली, आणि सारें शांत. पुन्हां तेंच. समोरचे दिवे मात्र भिंतीवर लख्ख पडले होते. बॅटरी तीनच महिन्यांपूर्वीं नवी घातलेली. पांच-सहा वेळां चावी फिरवून झाल्यावर मागें बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कांहींतरी जळल्यासारखा वास येतो आहे. रबराचा किंवा तसल्या कशाचा तरी."

आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. याचें एक कारण असें कीं, आमच्या गांवांत वास येणें ही बातमीच नव्हे. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आमच्यापासून फार लांब नाहीं. २०१४ च्या जानेवारींत येथें हिरवट पाऊस पडला होता, आणि २०२० च्या फेब्रुवारींत वसाहतींतील एक रस्ता गुलाबी झाला होता. दोन्हीं वेळां वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली. अशा ठिकाणीं राहणाऱ्या माणसाचें नाक हळूहळू सोशिक होतें. दुसरें कारण सांगण्यास आम्हांस लाज वाटते. वास स्वयंपाकघरांतला असता तर वहिनींचें म्हणणें आम्हीं तत्काळ मानलें असतें. तो गाडीचा होता म्हणून मानलें नाहीं.

त्या दिवशीं रिक्षा केली. दुसऱ्या दिवशीं एक मिस्त्री आला. त्यानें बॅटरी तपासली, ती उत्तम निघाली. दिवे पाहिले, तेही उत्तम. "बॅटरी चांगली, दिवे चांगले, म्हणजे सेल्फच गेला," असा त्यानें निकाल दिला. तर्क ऐकावयास बिनतोड होता. दुरुस्त केलेला दुसरा सेल्फ बसवून व आमचा जुना बदल्यांत नेऊन त्यानें ४५०० रुपये घेतले. गाडी पहिल्याच झटक्यास चालू झाली. आम्हीं त्याला चहा दिला.

येथें थोडें थांबून हा सेल्फ म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. मूळ शब्द सेल्फ-स्टार्टर. बोलण्यांत त्याचें शेपूट गळून गेलें. इंजिन हें मुळांत स्वतःच्या बळावर उठूं शकत नाहीं. त्यास आधीं कोणीतरी फिरवावें, हवा व पेट्रोल आंत ओढलें जावें, ठिणगी पडावी, मग तें आपलें आपण चालूं लागतें. पूर्वीं हें फिरविण्याचें काम माणूस करी, समोरून लोखंडी हँडल घालून. इंजिनानें उलटा झटका दिला कीं तें हँडल मनगटावर बसे. मनगटाच्या अंगठ्याकडील हाडाच्या एका विशिष्ट मोडीस डॉक्टर लोक अजूनही शोफर्स फ्रॅक्चर म्हणतात, तें नांव या हँडलावरूनच रूढ झालें. हँडल धरतांना अंगठा पलीकडून वेढूं नये, तो बोटांच्याच बाजूस ठेवावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा पहिला पाठ असे.

या त्रासांतून जगास सोडविलें तें चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकानें. त्याचा विजेचा स्टार्टर १९११ सालीं सिद्ध झाला व १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर बसला. केटरिंग पूर्वीं दुकानांतील हिशेबाचीं गल्लायंत्रें करणाऱ्या कारखान्यांत होता, आणि तीं यंत्रें विजेवर चालविण्याची युक्ति त्यानें तेथें काढली होती. क्षणभरच जोर लावावयाचा असेल तर लहानशी मोटारही आपल्या आवांक्याबाहेरचें काम करून जाते, हें तो तेथें शिकला. हीच गोष्ट त्यानें गाडीस लावली: मोटार लहान ठेवावी, तिच्यावर थोडे सेकंद अफाट भार टाकावा, आणि मग तिला निवूं द्यावें. (मराठींत गाडीही मोटार व हें यंत्रही मोटार, यामुळें लिहितांना घोटाळा होतो. यापुढें गाडीस आम्ही गाडीच म्हणूं.)

हा भार किती अफाट, तें आंकड्यांवरून कळेल. गाडीचे समोरचे दोन दिवे मिळून सुमारें ९ अँपिअर वीज घेतात. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवितांना १०० ते २०० अँपिअर घेतो. डिझेल गाडीचा याहून अधिक. बॅटरी अवघी १२ व्होल्टांची. १५० अँपिअर वाहत असतांना वाटेंत कोठें एका ओहमचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ ओहम, इतका जरी अडथळा असला, तरी ३ व्होल्ट तेथेंच खर्ची पडतात व त्या जागीं साडेचारशें वॅटांची उष्णता निघते. तोच अडथळा दिव्यांच्या वाटेवर असता तर दोन दशांश व्होल्टसुद्धां गेला नसता, आणि कोणाच्या ध्यानांतही आलें नसतें. सेल्फ हा मोठा खर्चिक पाहुणा आहे. त्याच्या वाटेवरची बारीकशी गैरसोयही त्याला खपत नाहीं.

सेल्फच्या पाठीवर एक लहान नळकांडें असतें, तें सोलेनॉईड. चावी फिरविली कीं त्यांतील वेटोळ्यांत थोडी वीज जाते व आंतला लोखंडी दांडा ओढला जातो. हा दांडा एकीकडे लहान दांतेरी चक्र पुढें ढकलून तें इंजिनाच्या मोठ्या चक्राच्या दांत्यांत अडकवितो, आणि दुसरीकडे तांब्याचे दोन जाड तुकडे जोडून बॅटरीची खरी वीज मोटारींत सोडतो. आपण जो खट् ऐकतों तो या दांड्याचा. म्हणजे खट् झालें याचा अर्थ निरोप पोंचला. पुढचें काम झालें नाहीं.

आतां आमच्या हकीकतीकडे वळूं. सोमवारची खेप निर्वेध पार पडली. बुधवारचीही. शुक्रवारीं पहांटे सव्वापांचास दादांनीं चावी फिरविली, आणि खट्, थरथर, शांतता. दिवे लख्ख. आत्याबाई मागें बसलेल्या, पाय सुजलेले. वहिनी या वेळीं कांहींच बोलल्या नाहींत. त्यांनीं नुसता पदर नाकास लावला.

अशा वेळीं शेजारच्या इमारतींतील एक काका फिरावयास निघाले होते ते थांबले. हे गृहस्थ प्रीमियरच्या कारखान्यांत नोकरीस होते. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या या कंपनीचा मूळ कारखाना कुर्ल्यास. पद्मिनी गाड्या तेथल्या. दुसरा कारखाना आमच्या या कल्याण-शीळ रस्त्यावर होता, आणि १९९० नंतरच्या दशकांत प्युजो ३०९ ही गाडी तेथें तयार होई. १९९७ सालीं फ्रेंच कंपनी त्यांतून बाहेर पडली. पुढें कारखाना गेला. प्रीमियर मैदान हें नांव तेवढें लोकांच्या तोंडीं राहिलें. परंतु कारखाना गेला तरी तेथें शिकलेले हात गांवांत शिल्लक आहेत, आणि आम्हांस ते त्या पहांटे लाभले.

काकांनीं दादांस एकदां चावी फिरवावयास सांगितलें व स्वतः नाक पुढें केलें. "हा वास पहिल्यापासून येतो काय?" त्यांनीं विचारलें. आम्हीं वहिनींकडे पाहिलें. "गेल्या शुक्रवारींही आला होता," वहिनी म्हणाल्या. काकांनीं बॉनेट उघडून ॲक्सिलरेटरच्या तारेवर हात ठेवला व चटकन् मागें घेतला. तार तापली होती. तिच्यावरचें प्लास्टिकचें वेष्टण एके ठिकाणीं मऊ झालें होतें.

"अहो, सेल्फला काय झालें आहे? परतीची वाट तुटली आहे," काका म्हणाले.

विजेस जाण्याची वाट लागते तशी परतण्याचीही लागते. गाडींत जाण्यासाठीं तार असते, आणि परतण्यासाठीं गाडीचें लोखंडी अंगच वापरतात. बॅटरीच्या ऋण टोंकापासून एक जाड तार गाडीच्या अंगास जोडलेली असते. परंतु इंजिन रबरी पायांवर बसविलेलें असल्यामुळें तें अंगापासून विजेच्या दृष्टीनें वेगळें पडतें. म्हणून अंग व इंजिन यांच्यामध्यें तांब्याच्या विणलेल्या तारांचा एक चपटा पट्टा घालतात. मिस्त्रीमंडळी त्यास अर्थिंगची पट्टी म्हणतात. सर्वच गाड्यांत मांडणी अशी नसते. कित्येकींत बॅटरीची तार थेट इंजिनास येते व अंगास वेगळी बारीक तार असते. आमच्या गाडींत मात्र मांडणी वर सांगितल्याप्रमाणें होती, आणि ही पट्टी आंतून कुजली होती. दिवे गाडीच्या अंगावर बसलेले, त्यांची परतीची वाट निराळी व शाबूत. म्हणून ते लख्ख. सेल्फ इंजिनावर बसलेला. त्याची वाट खुंटलेली. बिचारी वीज मग सांपडेल त्या वाटेनें परत येऊं पाहत होती, आणि इंजिनास व अंगास जोडणारी दुसरी धातूची वस्तु म्हणजे ती ॲक्सिलरेटरची पोलादी तार. सोलेनॉईडपुरती वीज तींतून कशीबशी येई, म्हणून खट् होई. मोटारीनें आपला वाटा मागितला कीं दाब कोसळे, दांडा सुटे, दाब पुन्हां वर येई, दांडा पुन्हां ओढला जाई; तीच थरथर. आणि तापलेल्या तारेचें वेष्टण वितळे, तो वहिनींस आलेला वास.

काकांनीं घरून जाड तांब्याच्या तारेचा दोन्हीं टोंकांस कड्या असलेला तुकडा आणला व बॅटरीचें ऋण टोंक आणि इंजिन यांच्यामध्यें बोल्टांनीं आवळून बसविला. चावी फिरविली मात्र, गाडी सुरू. इस्पितळांत वीस मिनिटें उशिरा पोंचलों. तेथल्या परिचारिकेनें आत्याबाईंची खाट राखून ठेवली होती.

मग पहिल्या मिस्त्रीनें सेल्फ बदलल्यावर गाडी पांच दिवस चालली ती कशी? ही गोष्ट आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटली. त्या पट्टीचें एक टोंक सेल्फच्याच एका बोल्टाखालीं दाबलेलें होतें. सेल्फ काढतांना तो बोल्ट निघाला, पट्टी हलली, गंज खरवडला गेला, आणि थोडे दिवस वाट मोकळी झाली. पट्टीच्या आंतल्या हिरव्या पडलेल्या तारा होत्या तशाच राहिल्या. मिस्त्रीनें आम्हांस फसविलें असें आम्ही म्हणत नाहीं. गाडी त्याच्या डोळ्यांदेखत चालू झाली. चुकीचें औषध देऊन रोगी उठून बसला तर वैद्यालाही आपलें निदान खरेंच वाटतें. मात्र काढलेला जुना भाग परत मागावा, निदान तो समोर तपासून दाखवावयास सांगावें, एवढी सावधगिरी आम्हीं बाळगावयास हवी होती. आमचा निर्दोष सेल्फ आतां कोणाच्या तरी गाडींत सुखानें फिरत असेल.

दुपारीं काकांनीं तात्पुरती तार सोडवून मीटरनें सारें पुन्हां दाखविलें. मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खांबावर व दुसरें इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवून चावी फिरवावयाची. वाट निकोप असेल तर कांटा दोन-तीन दशांश व्होल्टांपलीकडे जात नाहीं. आमच्या गाडींत तो आठ-नऊ व्होल्टांच्या आसपास नाचत होता. याच रीतीनें धन खांबापासून सेल्फच्या जाड खिळ्यापर्यंत पाहावें. तेथें अर्ध्या व्होल्टाहून अधिक गेल्यास तार किंवा सोलेनॉईडमधील तांबें दोषी. मीटर चारपांचशें रुपयांत मिळतो, आणि तो शिकण्यास आमच्या पुतणीस दहा मिनिटें लागलीं. नवी पट्टी २८० रुपयांस आली. बसवितांना दोन्हीं जागा कांचकागदानें घासून धातु उघडी केली, बोल्ट पक्का आवळला, आणि नंतर वरून व्हॅसलीन लावलें. आधीं लावूं नये.

आतां पत्र लिहिणाऱ्या भगिनीस व इतरांस. गाडी न्यूट्रलमध्यें घालून, हँडब्रेक ओढून, समोरचे दिवे लावून चावी फिरवावी व कान आणि डोळे दोन्हीं उघडे ठेवावेत. दिवे एकदम मावळले व खट् खट् खट् अशी घाई ऐकूं आली तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या खांबांवर पांढराहिरवा क्षार चढला आहे. तो कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून धुवावा. विश्रांतींत बॅटरी १२.६ व्होल्टांच्या जवळ असावी. १२ दाखवील तर ती जवळजवळ रिकामी समजावी. दिवे लख्ख आणि आवाज मुळींच नाहीं, तर निरोपच पोंचत नाहीं: फ्यूज, रिले, चावीचा स्विच, किंवा क्लच पूर्ण दाबला गेला नसणें, यांपैकीं कांहींतरी. बटणाच्या गाड्यांत तर ब्रेकवर पाय नीट न पडल्यानेंही घरें हवालदिल झालेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. सेल्फ घर्रकन् फिरतो पण इंजिन ढिम्म, तर दांतेरी चक्राचा क्लच गेला, ज्यास गॅरेजांत बेंडिक्स म्हणतात. दिवे लख्ख आणि एकच खट्, तर सेल्फ खरोखरच दोषी असूं शकतो, बहुधा आंतले कार्बन झिजलेले; परंतु आमचें उदाहरण ध्यानांत ठेवून परतीची वाट आधीं पाहावी. जंप-केबल असल्यास तिची एकच दोरी बॅटरीच्या ऋण खांबापासून इंजिनाच्या लोखंडास लावून पाहावें. गाडी उठली तर सेल्फवर खर्च करूं नये.

सेल्फवर हातोडीनें ठोकण्याचा जुना उपाय झिजलेल्या कार्बनास क्षणभर जागें करतो हें खरें. पण हल्लींच्या कित्येक सेल्फांत कायमचे लोहचुंबक असतात, ते ठिसूळ असून ठोक्यानें तडकतात. तेव्हां तो मोह टाळावा. एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारूं नये, मध्यें अर्धा मिनिट थांबावें. बॅटरीची तार सोडतांना ऋण आधीं व जोडतांना ऋण शेवटीं. हातांतील अंगठी व बांगड्या काढून ठेवाव्यात. १२ व्होल्टांचा झटका बसत नाहीं, पण सोनें मध्यें सांपडल्यास तें क्षणांत लाल होऊन बोट भाजतें. आणि बॅटरीजवळ निरांजन, काडी, उदबत्ती यांपैकीं कांहीं नेऊं नये, कारण तींतून हायड्रोजन वायु सुटतो. दसऱ्यास गाडीची पूजा बॉनेट मिटून करावी.

त्यानंतरच्या सोमवारीं पहांटे आम्ही पुन्हां निघालों. दादांनीं चावी फिरविली, गाडी लगेच सुरू झाली, आणि ते समाधानानें गियरकडे हात नेणार तोंच मागून आत्याबाई म्हणाल्या, "थांब रे जरा." मग त्या वहिनींकडे वळल्या. "अग, आज वास नाहीं ना येत?"

वहिनींनीं कांच खालीं केली, क्षणभर नीट पाहिलें. "नाहीं, आत्याबाई."

"मग चला," आत्याबाई म्हणाल्या, आणि गाडी फाटकाबाहेर पडली.